वाहिलेला दगड

भोये सर कुणाच्या घरी गेले की आधी खाली बघायचे. यजमान "या, या, बसा" म्हणत असायचा, आतून पाण्याचा तांब्या येत असायचा, आणि हे दारातच चपला काढून पायाच्या अंगठ्यानं फरशी चाचपत उभे. मग हळूच म्हणायचे, "कोटा. राजस्थानचा." किंवा, "शहाबादी आहे. कर्नाटकातली. फार पूर्वी तिथं समुद्र होता." समुद्र ऐकून घरातल्या बाईला वाटायचं, आपली फरशी ओली राहिली की काय. ती बिचारी पोछा घेऊन यायची.

मी गणिताची बाई, माहेरची सासरची दोन्हीकडून संगमनेरची. बदली होऊन जव्हारच्या आश्रमशाळेत आले, तेव्हा शेजारच्या वर्गावर भूगोलाला हे होते. दोन वर्गांच्या मधे प्लायवूडची भिंत. त्यामुळं माझी पोरं अपूर्णांक शिकता शिकता अर्धा भूगोल शिकली आणि मीही शिकले. सुरुवातीला माझं डोकं उठायचं. एकदा तणतणत गेलेही त्यांच्या दारात. "अहो भोये सर, तुमची ती अरवली जरा हळू आवाजात शिकवा ना!" तर शांतपणे म्हणाले, "बाई, अरवली हळूच शिकवत होतो. म्हातारी आहे ती, दात पडलेत तिचे. मोठ्यानं चाललाय तो हिमालय. पोरसवदा आहे, अजून वाढतोय." मी आपली परत अपूर्णांकांकडं वळले.

आमच्या मुख्याध्यापकांनी जव्हारातच घर बांधलं. वास्तुशांतीला सगळा स्टाफ गेला. पूजा चालली होती, बाप्ये बाहेर गप्पा मारत होते, आणि भोये सर सरळ स्वयंपाकघरात. आम्ही बायका पुऱ्या लाटत होतो. त्यांनी कुणाकडं बघितलंसुद्धा नाही. ओट्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटून उभे राहिले. मुख्याध्यापकांची बायको माझ्याकडं बघायला लागली. तेवढ्यात साहेब स्वतः आत आले, मोठ्या अभिमानानं म्हणाले, "ग्रॅनाईट आहे सर, ग्रॅनाईट!" सर म्हणाले, "हो ना. आपल्या देशाचं हाड आहे हे. सगळ्यात खालचं, सगळ्यात जुनं. वहिनी, याच्यावर तुम्ही आता मिरच्या चिरणार." त्या माउलीनं तेव्हापासून ओट्यावर सुरी टेकवली नाही, लाकडी पाट घेऊन बसते असं ऐकलं.

हे वेड कुठून आलं ते त्यांनीच मला एकदा सांगितलं. सर मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याचे. आमच्या या भागात दगड एकच, काळा. डोंगर काळा, नदीचं पात्र काळं, चुलीचे दगड काळे, जात्याची पाळ काळी, देवही काळा. "मला बाई, नाशिकला डीएडला जाईपर्यंत वाटायचं की दगड काळाच असतो. पाणी जसं ओलंच असतं ना, तसं. तिथं एका देवळाच्या पायरीवर बसलो तर पायरी पांढरी. मी विचारलं, चुना लावलाय का? सगळी पोरं एवढी हसली, एवढी हसली! संगमरवर माहीत नाही, आणि म्हणे मास्तर होणार." हे सांगताना इतक्या वर्षांनीसुद्धा त्यांचे कान लाल झालेले मी बघितले.

म्हणून वर्गातल्या खिडकीत त्यांनी देश मांडला होता. नाशिकच्या फरशीवाल्याकडून आणलेला कडप्प्याचा तुकडा, त्यावर लिहिलेलं 'आंध्र'. मकराण्याची पांढरी ढलपी. जैसलमेरचा पिवळा. विंध्यातला लाल वालुकाश्म. एक कोळसा, चंद्रपूरचा. कुणीही जव्हारातून बाहेर निघालं की सर स्टँडवर गाठून सांगायचे, "येताना तिथला एक दगड आणा हां." आमच्या क्लार्कचे वडील वारले, तो अस्थी घेऊन काशीला निघाला, तर यांनी त्यालाही सोडलं नाही. "गंगेच्या काठचा थोडा गाळ मिळाला तर बघ बाबा." मी कपाळावर हात मारला. पण तो क्लार्क औषधाच्या बाटलीत गाळ घेऊन आला, आणि उत्तरेचं मैदान आमच्या खिडकीत पोचलं.

"हात लाव, मग बोल," हे त्यांचं पालुपद. वसतिगृहातून गोधडी मागवायचे, जमिनीवर पसरायचे, दोन पोरांना दोन टोकांना बसवायचे. "ढकला. हळू, हळू. काय झालं मधे?"

"चुणी पडली सर."

"वली म्हण. आपला देश दक्षिणेकडून सरकत आला आणि वरच्या भूमीला जाऊन भिडला. मधे जी वली पडली तो हिमालय."

आणि आपल्या डोंगरांची पाळी आली की डब्यातल्या नागलीच्या भाकरी काढून एकीवर एक ठेवायचे. "जमिनीला भेग पडली, लाव्हा आला, पसरला, थिजला. वरून दुसरा आला, थिजला. आपण भाकरीच्या चवडीवर राहतो रे पोरांनो. आणि ध्यानात ठेवा, आपले डोंगर वर उठलेले नाहीत. आजूबाजूचं झिजून खाली गेलं आणि हे राहिले." मग त्याच भाकरी वाटून खायच्या. भूगोलाच्या तासाला पोरं कधी गैरहजर नसायची, त्यातलं अर्धं श्रेय वहिनींच्या हाताला. वहिनी म्हणजे सरांची बायको, बोलायला फटकळ आणि मनानं लोणी.

एका बाबतीत मात्र सर कडक. पोरांची घरची बोली त्यांना वर्गात चालायची नाही. "पडेल आहे नाही, पडलेला आहे म्हण. आणेल नाही, आणलेला." स्वतःची मातृभाषा तीच, घरी वहिनींशी तीच बोलणार. मी एकदा म्हटलं, "कशाला टोकता हो लेकरांना?" तर म्हणाले, "त्यांना कुणी हसायला नको."

तर अशा या माणसानं एका उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांच्या सहलीबरोबर, वहिनींना घेऊन, हिमालय गाठला. मनालीच्या वर एका खिंडीपर्यंत गेले. परत आले ते नाक सोललेलं, ओठ फाटलेले, आणि पिशवीत वहिनींच्या स्वेटरमधे गुंडाळलेला एक चपटा करडा दगड. उन्हात धरला की अभ्रकाचे कण चमचम करायचे. वहिनी म्हणाल्या, "माझी शाल तिथंच विसरली ह्यांच्यामुळं. आणि ह्यो धोंडा मात्र नीट आणला!"

तो दगड खिडकीत मधोमध बसला, वहिनींनी विणलेल्या रुमालावर. दर वर्षी नवी सातवी आली की एकेका पोरानं त्याला हात लावायचा. "लावला? आता तू हिमालयाला हात लावलास. घरी जाऊन सांग." पोरं खरंच सांगायची. पोरांचे बाप रविवारी भेटायला आले की खिडकीतून डोकावून बघायचे. मुख्याध्यापक पाहुण्यांना म्हणायला लागले, "आमच्या शाळेत हिमालय आहे." सरांच्या आयुष्यात दागिना म्हणाल तर तो एवढाच.

हे असं कितीतरी वर्षं चाललं. मग तो तास आला.

मी फळ्यावर वर्तुळ काढत होते. पलीकडं सरांचा हिमालय ऐन रंगात आला होता. दगड कसा मिळाला ते ते दर वर्षी थोडक्यात सांगायचे, 'तिथून आणला' एवढंच. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, गडी फुलला. "खिंडीच्या अगदी माथ्यावर दगडांचा हा एवढा मोठा ढीग! दोऱ्यांना रंगीत कापडं बांधलेली, वाऱ्यानं फडफडतायत. मी म्हटलं, एवढे दगड रचलेत, एक नेला तर कुणाचं काय बिघडतंय? सगळ्यात वरचा, चांगला चमकणारा बघितला आणि उचलला!"

पोरं हसली. मग एका मुलीचा आवाज आला. सुमन, सरांच्याच पोशेऱ्याची, वर्गात सहसा तोंड न उघडणारी.

"सर, तो वाहेल होता का?"

"वाहेल नाही. वाहिलेला म्हण."

"वाहिलेला होता का?"

"शाबास! याला म्हणतात प्रश्न." सर खूष. "वाहिलेला दगड ओळखायचा कसा? नदीनं दगड वाहून आणला की त्याच्या कडा झिजतात, तो गोल गुळगुळीत गोटा होतो. आता हा बघ, हात लाव. कडा कशा आहेत? धारदार. म्हणजे हा वाहिलेला नाही. जागचाच आहे."

"तसा नाही सर," सुमन म्हणाली. "देवाला वाहेल. आपल्या खिंडीत वाहतात तसा."

माझा खडू हातातच राहिला. थोड्या वेळानं सर म्हणाले, "बसा." उभं कुणीच नव्हतं त्यांच्याशिवाय, असं पोरांनी नंतर सांगितलं.

ही खिंड मी बघितली आहे. पोशेऱ्याच्या बाजूला जुनी पायवाट आहे, चढणीच्या माथ्यावर असाच दगडांचा ढीग. तोच देव. वर चढणारा माणूस खालून एक खडा उचलून नेतो आणि तिथं वाहतो. मला सुखरूप जाऊ दे, मागं घरच्यांना नीट ठेव, एवढंच मागणं. कुणी कामाला बाहेर पडताना वाहतं, कुणी लेकीला सासरी सोडून येताना. त्या ढिगातला खडा कुणी उचलत नाही. पावसात एखादा घरंगळून वाटेवर आला तर जाणारा माणूस तो परत वर ठेवतो आणि मग आपला वाहतो. सर लहानपणापासून त्या वाटेनं चालत शाळेला आलेले. त्यांच्या आईनं त्यांच्या मुठीत खडा देऊन त्यांना हे शिकवलेलं.

मधल्या सुट्टीत ते मागच्या पायरीवर बसलेले दिसले. डबा उघडलाच नव्हता. मी शेजारी जाऊन बसले.

"बाई, मी देवाच्या ढिगाला हात लावला."

"अहो, दगडच तो. तिथं अख्खा हिमालय पडलाय."

"पडलेला होता तिथं खूप. मी वाहिलेला उचलला." मग डबा बाजूला सारला. "उचलणारा हात भूगोलाच्या मास्तरचा होता. पोशेऱ्याच्या भोयेचा असता तर तो पुढं झालाच नसता. ढीग बघितला, कापडं बघितली, माथा बघितला. सगळं आपल्यासारखंच होतं हो! आणि मला दिसलं काय, तर अभ्रक."

मी काहीतरी समजुतीचं बोलले असेन. ते ऐकत नव्हते.

"कुणाचं पोर आजारी असेल. कुणाचा नवरा खाली मजुरीला गेला असेल, म्हणून तिनं वाहिला असेल. मी तो पिशवीत घातला, आणि वर टपरीवर चहा प्यालो. आमच्या खिंडीतला खडा कुणी शहरातल्या माणसानं शोभेला नेला असता ना बाई, तर मी त्याच्या दारात जाऊन बसलो असतो. आणि मी तोच दगड दर वर्षी पोरांच्या हातात दिला. आमच्याच पोरांच्या! त्यांना घरी जाऊन सांगायला लावलं." मान खाली घालून म्हणाले, "मेल्याहून मेल्यासारखं झालंय. धरणीनं पोटात घ्यावं." धरणी दुभंगते म्हणजे काय होतं ते त्यांच्याइतकं आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं, तरी ते तसं म्हणाले.

घरी आले तर समोर माझी शोकेस. कन्याकुमारीचा शंख, वेरूळजवळून आणलेला कोरीव तुकडा, कुठल्याशा किल्ल्यावरची वीट. सगळं मोठ्या हौसेनं मांडलेलं. यातलं पडलेलं काय आणि कुणी ठेवलेलं काय, मला काही सांगता येईना. मी शोकेसला पडदा लावला, आणि तो अजून तसाच आहे.

सरांनी ठरवलं, दगड परत नेऊन ठेवायचा. जिथून घेतला तिथंच. पण मधल्या काळात त्यांच्या हृदयात नळी बसवली होती. नाशिकच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, उंचावर जायचं नाही, हवा विरळ असते, घरी परत याल याची खात्री मी देणार नाही. सरांनी त्यांनाच विरळ हवेवर तासभर ऐकवलं आणि शेवटी विचारलं, "हळूहळू गेलो तर?" वहिनींनी दंडाला धरून बाहेर आणलं.

वहिनी म्हणाल्या, "पार्सल करा."

"देवाला पार्सल?"

"मग आपल्या खिंडीत वाहा. देव काय, इथनं तिथनं एकच."

यावर ते चिडले. चिडलेले मी त्यांना तेवढेच बघितले. "म्हणजे शेजाऱ्याची कोंबडी चोरायची आणि आपल्या देवाला कापायची!"

शाळेत मात्र भलतंच सुरू झालं. पोरांच्या तोंडून बातमी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेली, की खिडकीतला दगड साधा नाही, हिमालयातल्या देवाचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दगडापुढं झेंडूची फुलं. मग उदबत्ती. मग स्वयंपाकाच्या मावशींनी तेलात कालवून शेंदूर लावला, आणि लावताना दोन्ही गालांवर मारून घेतलं, इतके दिवस देव बिनपूजेचा राहिला म्हणून. सर वर्गात आले आणि दारातच थबकले. पोरं हात जोडून उभी. मला म्हणाले, "बघा बाई. चोरी केली ती केली, वर इथला पुजारी झालो." मला हसू आलं होतं, ते गिळलं. त्यांचे डोळे भरले होते. मावशींना मात्र ते काही बोलले नाहीत. बोलणार काय? ती बाई त्या दगडाशी जसं वागायला हवं होतं तसंच वागली होती.

त्याच महिन्यात प्रकल्प कार्यालयातले साहेब तपासणीला आले. मुख्याध्यापकांनी सवयीनं त्यांना भूगोलाच्या वर्गात नेलं. "साहेब, हा आमचा हिमालय! भोये सरांनी स्वतः आणलाय." साहेबांनी दगडाला लावायला हात पुढं केला, शेंदूर बघून मागं घेतला, आणि विचारलं, "कुठून आणलात सर?"

सर फळ्याजवळ उभे होते. पोरं समोर, आम्ही दारात. ते म्हणाले, "चोरून, साहेब."

मुख्याध्यापकांचा चेहरा असा झाला की बघवेना. सरांनी सगळं सांगितलं, ढीग, कापडं, सगळ्यात वरचा दगड. आवाज पोरांना ऐकू जाईल इतका मोठा ठेवला होता. साहेब आधी गोंधळले, मग खो खो हसले. सरांच्या पाठीवर थाप मारली. "काय प्रामाणिक माणूस आहे हो! असे शिक्षक पाहिजेत!" टाळ्या वाजवा म्हणाले, पोरांनी वाजवल्या. त्या टाळ्या संपेपर्यंत सर खाली बघत उभे होते. त्या फरशीत बघण्यासारखं काही नव्हतं, साधा सिमेंटचा कोबा. साहेब गेल्यावर मुख्याध्यापकांनी त्यांना फाडून खाल्लं. ते त्यांनी निमूट ऐकलं. मला वाटतं त्यांना ते टाळ्यांपेक्षा बरं वाटलं असेल.

मग दिवाळीच्या सुमारास दिलीप आला. सरांचा जुना विद्यार्थी, फौजेत होता, त्याची नेमणूक नेमकी त्या खिंडीच्या पलीकडं. सुट्टी संपत आली तसं सरांनी त्याला चहाला बोलावलं. मीही होते. सरांनी पावसाबद्दल विचारलं, नागलीबद्दल विचारलं, आईच्या गुडघ्यांबद्दल विचारलं. चहा झाला, दुसरा झाला. वहिनी आतून खोकत होत्या. शेवटी त्याच बाहेर आल्या. "सांगा की आता! का मी सांगू?"

सरांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. आयुष्यभर ज्या पोराला 'हे आण, ते आण' सांगितलं, त्याच्यापुढं शब्द फुटेना. "दिलीप, तुझ्याकडं एक... म्हणजे माझं एक..."

"सर, मला माहितीये," दिलीप म्हणाला. "अख्ख्या जव्हारला माहितीये. बॅगेत जागा ठेवलीये मी."

अख्ख्या जव्हारला! माणसानं कुठं बघावं? सर कपबशीत बघत बसले. मग म्हणाले, "ज्यानं उचलला त्यानं ठेवायचा असतो रे. मला जाता येत नाही."

"आता खालून बोगदा झालाय सर, आम्ही वर जात नाही. पण मी वरच्या रस्त्यानं जाईन. एक दिवस आधी निघतो."

हे ऐकून सरांना बरं वाटेल असं आम्हाला वाटलं. दिलीप गेल्यावर म्हणाले, "त्याच्या आईचा एक दिवस गेला माझ्यामुळं. आता हेही माझ्याच खात्यावर."

दिलीपनं दगड पोचवला, ते मी आधीच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. त्यानं फोटोही पाठवला, ढिगाचा. वहिनींनी फोनवर मला सांगितलं, की सरांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला आणि खूप वेळ शोधत राहिले. सगळेच करडे, सगळेच चपटे. "ह्यातला आपला कुठला?" असं विचारलं म्हणे, आणि लगेच जीभ चावली. "आपला नाही. त्यांचा कुठला?" पुढच्या पावसाळ्यात सर गेले. मी दिलीप निघाला त्याच आठवड्यात बदली होऊन संगमनेरला आले होते, मातीलाही पोचले नाही.

म्हणून माझ्यासाठी शेवटचे सर म्हणजे जव्हारच्या स्टँडवरचे, दिलीप निघाला त्या सकाळचे. नाशिकची गाडी लागली होती. सर नव्या पांढऱ्या पंच्यात दगड गुंडाळून आले होते. शेंदूर काढायला आधी तेल, मग चिंच, मग राख असं सगळं लावून झालं होतं, तरी एका खोबणीत लाल राहिलंच होतं. "तिथले लोक काय म्हणतील?" हा नवा घोर. दिलीप म्हणाला, "म्हणतील, पाहुणचार झालेला दिसतोय." मी हसले. सर हसले नाहीत.

"टाकू नको हां. ठेव. आणि सगळ्यात वर नको ठेवू, बाजूला कुठंतरी बघ. तो मान मी घालवला."

"वरून उचललात ना सर? मग वरच ठेवणार. त्याची काय चूक?"

सरांनी मान हलवली. "आणि तिथं कुणी भेटलं, म्हातारंकोतारं, तर माझं नाव सांग. जव्हारच्या मास्तरनं नेला होता म्हणून सांग. लपवू नको."

"सांगतो सर."

कंडक्टर घाई करायला लागला. दिलीपनं दगड छातीशी धरला, खांद्याला बॅग, आणि नमस्कार करायला वाकणार तेवढ्यात सरच खाली वाकले. सगळ्या स्टँडसमोर, त्या पोराच्या बुटांवर कपाळ टेकलं.

"अहो सर! काय करताय! उठा, उठा!" दिलीप मागं सरकायला बघत होता, हातात दगड, त्याला धड वाकताही येईना. वडेवाला झारा हातात धरून बघत राहिला. वहिनींनी तोंडाला पदर लावला.

सरांनी त्याचे बूट दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. "तुझ्या नाही रे पाया पडत," ते म्हणाले. "हे पाय तिथं जाणार आहेत."

मग दिलीपनं पाय हलवले नाहीत. परेडला उभा राहतो तसा ताठ उभा राहिला, सर उठेपर्यंत.

गाडी गेली. सरांच्या कपाळावर बुटाची लाल धूळ लागली होती. वहिनी पदरानं ती पुसायला गेल्या, तर त्यांनी मान मागं घेतली.

"राहू दे," म्हणाले.